दोन्ही चाकं फिरली पाहिजेत : परवडणाऱ्या डिफ-लॉकविषयी

फोर बाय फोर गाडी घेतली की चारही चाकं गाडी ओढणार, असं धरून माणसं पावसाळ्यात डोंगरात शिरतात. मग एखाद्या ओघळीत गाडी तिरकी होते. पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक अधांतरी गरगरत राहतं आणि घट्ट जमिनीवर टेकलेली बाकीची दोन चाकं ढिम्म हलत नाहीत. लिव्हर 'फोर लो'मध्ये असतो, इंजिनात दम असतो, टायर नवे असतात, तरी गाडी जागची हलत नाही. यात बिघाड काहीच नाही. दोन्ही ॲक्सलमधल्या डिफरन्शियलने त्याचं नेमून दिलेलं काम चोख केलेलं असतं. ही पुस्तिका त्या डिफरन्शियलला गरजेपुरतं जखडणाऱ्या यंत्रणेबद्दल, म्हणजे डिफ-लॉकबद्दल आहे. त्यातही ज्यांना घरखर्चातून पैसे बाजूला काढून तो घ्यायचा आहे, त्यांच्यासाठी ती लिहिली आहे.

डिफरन्शियलला नावं ठेवण्याआधी ते कशासाठी असतं हे नीट पाहायला हवं. घाटातल्या वळणावर बाहेरचं चाक आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापतं. मागच्या दोन चाकांमधलं अंतर दीड मीटर धरलं, तर अर्धवर्तुळाच्या वळणात हा फरक सुमारे ४.७ मीटर येतो. वळण ऐसपैस असो की आवळलेलं, फरक तेवढाच राहतो, कारण तो फक्त चाकांमधल्या अंतरावर आणि गाडी किती अंशांत वळली यावर ठरतो. महिंद्रांच्या थारच्या १८ इंची, २५५/६५ मापाच्या टायरचा घेर साधारण अडीच मीटर असतो. म्हणजे घाटातल्या अशा प्रत्येक वळणावर बाहेरचं चाक आतल्याहून जवळजवळ दोन फेरे जास्त घेतं. दोन्ही चाकं एकाच दांड्यावर जखडलेली असती, तर हे दोन फेरे टायर डांबरावर घासूनच भरून निघाले असते, आणि तोवर ॲक्सलला पीळ बसत राहिला असता. क्राउन या मोठ्या गिअरच्या पोटातले छोटे गिअर, ज्यांना गॅरेजमध्ये स्टार आणि सन म्हणतात, हा फरक निमूट पचवतात.

ही सोय फुकट मिळत नाही. साधं, म्हणजे ओपन डिफरन्शियल दोन्ही चाकांना नेहमी सारखाच पीळ देतं. पीळ म्हणजे इंजिनवाले ज्याला टॉर्क म्हणतात तो. हवेत लटकलेलं चाक फिरवायला पीळ जवळजवळ लागतच नाही. त्याला शून्य, म्हणून जमिनीवरच्या चाकालाही शून्य. 'फोर लो' टाकल्यावर ट्रान्सफर केस पुढचा आणि मागचा शाफ्ट एकत्र बांधतं, पण डाव्या-उजव्यातला हा प्रश्न दोन्ही ॲक्सलवर तसाच राहतो. म्हणून कर्णरेषेतली दोन चाकं सुटली की फोर बाय फोरचं सगळं बळ त्या दोन चाकांतून वाया जातं. ताठ पाट्यांच्या जिप्सीचं चाक लवकर उचललं जातं. २०२० नंतरच्या थारला पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन आहे, तिचं पुढचं चाकही फार खाली लोंबत नाही. सह्याद्रीतल्या पावसाने कोरलेल्या वाटांवर ही वेळ वारंवार येते.

महाराष्ट्रात हे सगळ्यांत आधी शेतकऱ्याला कळलं आहे. काळ्या रानात नांगर धरताना ट्रॅक्टरचं एक मागचं चाक तासात असतं आणि दुसरं न नांगरलेल्या जमिनीवर. त्यातलं एक चाक घसरायला लागलं की चालक टाचेजवळचं डिफरन्शियल लॉकचं पॅडल दाबतो, दोन्ही चाकं एक होतात आणि नांगर पुढे सरकतो. तास संपला, ट्रॅक्टर वळवायचा, की आधी लॉक सोडायचा. ज्याने हे एकदा पायाने केलं आहे, त्याला या पुस्तिकेतली निम्मी प्रकरणं वाचायची गरज नाही. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात. घसरणाऱ्या चाकाचा तेवढा ब्रेक दाबला की पीळ दुसऱ्या चाकाकडे जातो, हेही त्याला ठाऊक असतं. आजच्या महागड्या गाड्यांचे संगणक डोंगरात हेच करतात. मारुतीच्या २०२३ मध्ये आलेल्या जिम्नीत यांत्रिक लॉक नाही. तिथे घसरणाऱ्या चाकाला गाडी स्वतःहून ब्रेक लावते. अधूनमधून कच्च्या रस्त्यावर जाणाऱ्याला तेवढं पुरतं. पण चाक आधी घसरावं लागतं, मग ब्रेक लागतो, आणि लांब चढावर पुन्हापुन्हा असं झालं की ब्रेक तापतात.

जीप आपल्याकडे जुनी आहे. महिंद्रांनी १९४७ मध्ये विलिस जीपची जुळणी सुरू केली, पुढे मेजर, एमएम ५४० आल्या. १९८५ च्या अखेरीस मारुतीची जिप्सी आली. डोंगराळ वाटांवर, सैन्यात, जंगल खात्यात या गाड्यांनी जन्म काढला, पण त्या कारखान्यातून आल्या त्या ओपन डिफरन्शियलसह. सर्वसामान्य ग्राहकासाठी चित्र बदललं ते २०१५ मध्ये, जुन्या थारच्या सुधारित आवृत्तीला मागच्या ॲक्सलवर ईटन कंपनीचं यांत्रिक लॉकिंग डिफरन्शियल मिळालं तेव्हा. परवडणाऱ्या डिफ-लॉकची चर्चा आपल्याकडे या एका यंत्रापासून सुरू करावी लागते, म्हणून त्याच्याजवळ जरा थांबतो.

ईटनने हे यंत्र १९७३ मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सच्या पिकअपसाठी आणलं. त्याला तार, हवा, बटण काही लागत नाही. आत एक छोटा गव्हर्नर असतो, त्यावर वजनं असतात. दोन चाकांच्या वेगातला फरक मिनिटाला सुमारे १०० फेऱ्यांवर गेला की ती वजनं बाहेर फेकली जातात, खिटीत अडकतात, त्यामुळे एक कॅम चढतो आणि क्लचच्या चकत्या दाबून दोन्ही बाजू पक्क्या धरतो. गाडीचा वेग ताशी ३० किलोमीटरच्या आसपास किंवा जास्त असेल, तर दुसरं वजन खिटी बाजूला सारतं आणि लॉक लागूच देत नाही. हमरस्त्यावर लॉक लागून गाडी आडवी होण्याचा धोका त्यामुळे टळतो. कारखान्यात बसून आलेल्या आणि चालकाकडून काहीही न मागणाऱ्या यंत्रात इतका विचार केलेला आहे, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

पण ते चालवायला शिकावं लागतं. मिनिटाला १०० फेरे म्हणजे वर सांगितलेल्या टायरच्या कडेचा वेग ताशी सुमारे १५ किलोमीटर. एक चाक स्थिर असताना दुसरं इतकं फिरेपर्यंत लॉक लागत नाही. नवखा चालक चाक गरगरल्याचा आवाज ऐकताच घाबरून पाय काढतो. फरक १०० वर पोचतच नाही, आणि मग 'माझं लॉक चालत नाही' अशी तक्रार घेऊन तो गॅरेजमध्ये येतो. दुसरा चालक ॲक्सिलरेटर मुळापर्यंत दाबतो. लॉक लागतो, पण भन्नाट फिरणाऱ्या चाकाला एकदम पकड मिळते आणि सगळा झटका ॲक्सलच्या दांड्यावर येतो. करायचं एवढंच असतं : 'फोर लो', पहिला किंवा दुसरा गिअर, पाय एका जागी स्थिर, चाक एक-दोन सेकंद फिरू द्यायचं. मागून 'धड' असा आवाज येतो, सीटला धक्का जाणवतो आणि गाडी सरळ वर चढते. नव्या थारच्या काही आवृत्त्यांतही मागे हेच यंत्र आहे. मागच्या चाकांवर चालणाऱ्या बोलेरो निओच्या सर्वांत वरच्या आवृत्तीत तर फोर बाय फोर नसूनही ते दिलं. वाडीपर्यंतच्या ओल्या चढाला तेवढं पुष्कळदा पुरतं.

म्हणून ज्याने अजून गाडीच घेतलेली नाही, त्याला माझा सल्ला सोपा आहे. लॉक असलेली वापरलेली गाडी शोधा. लॉक नसलेली घेऊन नंतर बसवण्यापेक्षा ते बहुतेक वेळा स्वस्त पडतं, आणि कंपनीने बसवलेल्या लॉकवर वॉरंटीचा वाद होत नाही. जुनी थार बघायला जाल तेव्हा मालकाच्या शब्दावर राहू नका. जाणकार मेकॅनिकच्या देखरेखीखालीच लॉक लागतो का ते तपासून घ्या.

गाडी दारात आधीच उभी असेल, तर पुढचा प्रश्न असा की ती रोज कुठे चालते. या एका प्रश्नाचं उत्तर प्रामाणिकपणे दिलं की निवड जवळजवळ होऊनच जाते.

सर्वांत स्वस्त, विचार करण्याजोगा पर्याय म्हणजे स्टार आणि सन गिअरच्या जागी बसणारा छोटा स्वयंचलित लॉकर. अमेरिकेतला लॉक-राइट हे त्याचं जुनं, नावाजलेलं उदाहरण. त्यात दातेरी चकत्यांच्या दोन जोड्या असतात. ॲक्सिलरेटरवर पाय असताना त्या एकमेकींत रुततात आणि दोन्ही चाकं एक होतात. वळणावर बाहेरचं चाक पुढे धावू लागलं की त्या बाजूचे दाते एकमेकांवरून सरकतात आणि टक-टक-टक असा आवाज येतो. हा लॉकर स्वस्त का, तर तो डिफरन्शियलच्या जुन्याच केजमध्ये, म्हणजे पेटीत बसतो, क्राउन आणि त्याला फिरवणाऱ्या पिनियनचं सेटिंग हलवावं लागत नाही. पण जुन्या केजची ताकद तेवढीच त्याची ताकद, हेही त्यातच आलं. मोठे टायर लावून, इंजिनाची ताकद वाढवून त्याच्याकडून जास्त काम घेतलं तर आधी केज फुटतं.

या लॉकरची खरी किंमत रस्त्यावर मोजावी लागते. छोट्या व्हीलबेसच्या गाडीत वळण घेताना मध्येच पाय दाबला किंवा काढला, की मागचा भाग हलका झटका देतो आणि गाडी किंचित सरकते. ओल्या डांबरावर हे जाणवतंच. घरातलं दुसरं माणूस तीच गाडी बाजारात नेत असेल, मुलांना शाळेत सोडत असेल, तर मी हा लॉकर मागच्या ॲक्सलला सुचवणार नाही. शेतावर आणि डोंगरातच चालणाऱ्या जुन्या जीपला मात्र तो उत्तम. पुढच्या चाकांना हाताने फिरवायचे फ्री-व्हील हब असतील, तर पुढच्या ॲक्सलवरही तो खपून जातो : हब सोडले की रस्त्यावर तो आहे हेही कळत नाही. हब जोडून चढाला लागलं की स्टिअरिंग जड होतं आणि गाडी सरळच जायला बघते. हातांना तयारी ठेवावी लागते.

आणखी एक गोष्ट, जी विकणारे सहसा बोलत नाहीत. एका ॲक्सलवरचे दोन्ही टायर एकाच मापाचे आणि एकसारखे झिजलेले हवेत. एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला गोटा झालेला टायर असेल, तर सरळ रस्त्यावरही दोन चाकांचे फेरे वेगळे पडतात, आणि स्वयंचलित लॉकर दिवसभर स्वतःशीच झुंजत राहतो. स्टेपनी लावून लांबचा प्रवास करण्याची सवय असेल, तर ती आधी मोडा.

दुसरा मोठा पर्याय चालकाच्या हाती असणारा लॉक : हवेचा, विजेचा किंवा तारेचा. लावला की दोन्ही चाकं पूर्ण एक, सोडला की साधं डिफरन्शियल. हवेवर चालणाऱ्यांत ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या एआरबीचं नाव जगभर घेतलं जातं. त्यांनी १९८७ मध्ये रॉबर्ट्स डिफ लॉक ताब्यात घेऊन त्यावर आपला एअर लॉकर उभा केला. रस्ता आणि डोंगर दोन्ही एकाच गाडीवर करणाऱ्याला याहून चांगलं काही नाही, हे मी निःशंक सांगतो. पण पैसे तीन ठिकाणी लागतात. लॉकरचे, हवेच्या काँप्रेसरचे आणि बसवण्याचे. त्यात माल बाहेरून आला तर भाडं आणि आयात शुल्क वेगळं. हवेची नळी हाउसिंगमध्ये जिथे शिरते, तिथलं सील गेलं की लॉक हवा धरत नाही आणि तेलही नळीतून वर येऊ शकतं. तरी काँप्रेसर वाया जात नाही, टायरमध्ये हवा भरायला तोच कामी येतो. इथे आपल्या पुण्याच्या फोर्स मोटर्सचा उल्लेख करायलाच हवा. गुरखा गाडीला त्यांनी पुढे आणि मागे दोन्हीकडे चालकाच्या हातातले लॉक कारखान्यातूनच दिले. मागच्या एकट्या ॲक्सलला आयात लॉकर बसवायला येणारा खर्च आणि गाड्यांच्या किमतीतला फरक शेजारी मांडून बघा. बऱ्याच जणांचं गणित तिथे बदलतं.

लिमिटेड स्लिप, म्हणजे एलएसडी, या जातीबद्दल थोडक्यात. ती पावसाळी रस्त्याला चांगली, पण चाक पूर्ण हवेत गेलं की तिचा जोर संपतो. गिअरवर चालणारी टॉर्सनसारखी रचना एका चाकाला मिळणाऱ्या पिळाच्या काही पट दुसऱ्याला देते. पहिल्याला शून्य असेल तर शून्याच्या कितीही पट शून्यच. अमेरिकी सैन्याच्या हमवीत हीच रचना आहे, आणि तिच्या चालकांना अशा वेळी ॲक्सिलरेटरसोबत हलका ब्रेक दाबायला शिकवतात, म्हणजे लटकत्या चाकाला थोडा भार मिळतो. डोंगरासाठी स्वस्त म्हणून कुणी जुन्या एलएसडीचा भाग देऊ केला, तर आतल्या चकत्या झिजलेल्या नाहीत ना हे पाहिल्याशिवाय घेऊ नका.

आणि वेल्डिंग. स्टार-सन वेल्डिंग करून टाकले की डिफरन्शियल कायमचं बंद होतं, खर्च नावापुरता येतो, म्हणून ही युक्ती गॅरेजमध्ये अजून सांगितली जाते. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला हे करू नये. प्रत्येक वळणावर ते दोन फेरे टायरने आणि ॲक्सलने सोसायचे असतात. एक दिवस दांडा तुटतो, आणि काही गाड्यांत दांडा तुटला की चाकच बाहेर येतं. घाटात हे झालं तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको.

लॉकर कितीही चांगला असला तरी तो बसवणाऱ्याच्या हातावर अवलंबून असतो. अख्खं केज बदलणारा लॉकर असेल, तर क्राउन आणि पिनियन पुन्हा जुळवावे लागतात. दातांमधला गाळा मिलिमीटरच्या दशांशात मोजायचा असतो, त्यासाठी डायल गेज लागतो, अंदाज चालत नाही. बेअरिंगमागे शिम घालायचे, काढायचे, क्राउनच्या दातांना निळी पेस्ट लावून हाताने फिरवायचं आणि पिनियनचा ठसा दाताच्या मधोमध उमटतो का ते बघायचं. ठसा कडेला आला की पुन्हा उघडायचं. हे काम चांगला कारागीर दिवसभर करतो. घाईत केलेल्या सेटिंगमधून काही दिवसांत ताशी साठच्या आसपास हुंकार ऐकू येऊ लागतो, आणि मग क्राउन-पिनियनचा खर्च लॉकरच्या खर्चावर चढतो. म्हणून स्वस्त लॉकर आणि भरवशाचा मेकॅनिक ही जोडी महाग लॉकर आणि घाईच्या मेकॅनिकपेक्षा कधीही बरी.

लॉक लावल्यावर येणारा एक धोका या पुस्तिकेत मी पुन्हापुन्हा सांगितला आहे. कोकणातल्या लाल मातीच्या, एका बाजूला कललेल्या वाटेवर ओपन डिफरन्शियलचं एक चाक गरगरतं, पण दुसरं स्थिर राहून गाडी धरून ठेवतं. लॉक लागलेला असेल तर दोन्ही चाकं एकदम सुटतात आणि गाडीचा मागचा भाग उताराकडे घसरतो. दरीच्या कडेच्या अशा वाटेवर लॉक सोडलेला बरा, आणि पायी उतरून वाट बघितलेली त्याहून बरी. गोव्यात २०१४ पासून होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजमध्ये दोन्ही ॲक्सल लॉक केलेल्या गाड्या ओढ्यांतून आणि चिखलातून जाताना दिसतात. पण त्या गाड्यांना रोल केज आणि विंच असतात, सोबतीला सहचालक असतो, बाजूला मदतीची माणसं असतात. ते पाहून एकट्या गाडीने ताम्हिणीच्या आडवाटेला जाऊ नये. जंगल खात्याच्या जमिनीवर परवानगीशिवाय शिरू नये, आणि गोव्याच्या किनाऱ्यांवर तर गाडी घालायला बंदीच आहे. नीट वापरलेला लॉक वाटेचंही भलं करतो : चाक गरगरवून चर खणण्याऐवजी गाडी हळूहळू चढून जाते, आणि त्याच वाटेने गावकऱ्यांना दुसऱ्या दिवशी दूध घेऊन उतरायचं असतं.

पैसे मोजकेच असतील, तर माझा क्रम असा. आधी चिखलात पकड धरणारे टायर आणि त्यातली हवा गरजेनुसार कमी-जास्त करण्याची सवय. हवा कमी केली तर हमरस्त्याला लागण्याआधी ती पुन्हा भरायचीच. मग भक्कम टो पॉइंट आणि चांगला पट्टा. त्यानंतर लॉक, तोही एकच, मागच्या ॲक्सलला, कारण चढावर गाडीचं वजन मागे जातं आणि तिथेच पकड मिळते. पुढचा लॉक बहुतेकांना कधीच लागत नाही.

आणि एक विनंती. पैसे भरण्याआधी मागचं हाउसिंग उघडून बघा. जुन्या जीप आणि जिप्सी हातोहात फिरलेल्या असतात, त्यांत दुसऱ्याच गाडीचा ॲक्सल बसवलेला सापडतो. दांड्याच्या टोकावरच्या स्प्लाइन मोजा, क्राउनचे आणि पिनियनचे दात मोजा, ते कागदावर लिहा आणि तोच कागद विकणाऱ्याला दाखवा. मोजमाप न विचारता 'तुमच्या गाडीला बसेल' असं जो म्हणतो, त्याच्याकडून लॉकर घेऊ नका.